जँगोमध्ये पॅरेंट मॉडेलवर क्वेरी मारली की चाइल्डचे ऑब्जेक्ट पॅरेंटचेच होऊन का येतात? मॉडेलमध्ये इनहेरिटन्स वापरावं का?

येतात, कारण टेबलं दोन आहेत. जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क, त्यात एक मॉडेल म्हणजे डेटाबेसमधलं एक टेबल; एका मॉडेलवरून (पॅरेंट) दुसरं (चाइल्ड) इनहेरिट केलं की दोघांची वेगळी टेबलं होतात. पॅरेंटचं एक, चाइल्डचं एक, आणि दोघांना जोडणारी वन-टू-वन फील्ड जँगो न विचारता टाकून देतं. पॅरेंटवर मारलेली क्वेरी पॅरेंटच्या टेबलापलीकडे बघतच नाही. चाइल्ड हवं असेल तर ऑब्जेक्टवर चाइल्डचं नाव लहान अक्षरांत लिहून मागायचं. ती ओळ भलत्याच चाइल्डची निघाली की 'असं काही नाही' म्हणणारी डझ-नॉट-एक्झिस्ट एरर. हे डॉक्युमेंटेशनमध्येही आहे, मी लिहायला बसलोय ते 'वापरावं का' यासाठी.

असं दोन टेबलांचं वापरू नका.

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर करत होतो. 'खाते' हे एकच मॉडेल आणि प्रकाराचा एक कॉलम: बचत, मुदत ठेव, कर्ज. निम्मे कॉलम रिकामे, दिसायला गबाळं, पण चालत होतं. मग नवे टीम लीड आले, त्यांना ते रिकामे कॉलम बघवेनात. "अरे, मुदत ठेव हे एक खातंच आहे ना? मग इनहेरिट कर." मी म्हटलं, सर, इनहेरिटन्स पायथनमध्ये आहे, जँगोच्या टेबलांमध्ये नाही. फार तर, ज्याचं स्वतःचं टेबल होत नाही असं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट करू. ऐकतंय कोण! तीन चाइल्ड झाले, एका शनिवारी डेटा हलवला, टेस्ट सगळ्या हिरव्या.

तीन आठवड्यांनी लेखापरीक्षक आले. एका ठेवीच्या व्याजदरावर बोट ठेवून म्हणाले, हा कोणी बदलला, कधी बदलला? आमची बदलनोंद पोस्ट-सेव्ह सिग्नलवर (ऑब्जेक्ट सेव्ह झालं की जँगो देतं ती सूचना) चालायची, ती ऐकणाऱ्या रिसीव्हरला सेंडर म्हणून, म्हणजे कोणत्या मॉडेलची सूचना ऐकायची म्हणून, 'खाते' दिलेलं. उघडून बघतो तर शेवटची नोंद त्याच शनिवारची. पुढे कोरं. चाइल्ड सेव्ह केलं की पॅरेंटच्या टेबलातही ओळ लिहिली जाते, पण सिग्नल जातो फक्त चाइल्डच्या नावाने. एरर नाही, वॉर्निंग नाही. व्यवस्थापकांनी कपाटातून कागदी अर्जांचे गठ्ठे काढले आणि आम्ही रात्री दोनपर्यंत एकेक तारीख जुळवत बसलो. लीड काय म्हणाले? "सिग्नल वापरायचेच नसतात." बरं.

बाकी दुखणी वेगळीच. 50 खात्यांच्या यादीत प्रत्येकाचं चाइल्ड मागितलं की 50 जादा क्वेरी. एका झटक्यात अनेक ओळी टाकणारं बल्क-क्रिएट अशा चाइल्डवर चालतच नाही. शाखा पॅरेंटमध्ये आणि मुदतपूर्तीची तारीख चाइल्डमध्ये असेल तर दोन्हींवर मिळून इंडेक्स लावता येत नाही, टेबलांतले बदल तयार करणारी मेकमायग्रेशन्स कमांडच अडवते. आणि ठेवींची साधी यादी काढली तरी दोन टेबलं जोडणारा जॉइन आलाच.

'तयार केल्याची तारीख' वगैरे सामायिक फील्ड हव्यात तर मॉडेलच्या आतल्या मेटा क्लासमध्ये अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ट्रू करा, पॅरेंटचं टेबलच होत नाही. फक्त वागणूक वेगळी हवी तर एकच टेबल ठेवा, त्यावर प्रॉक्सी (तेच टेबल वापरणारा, फक्त कोड वेगळा असलेला क्लास).

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रॉक्सीतही सिग्नलचा सेंडर प्रॉक्सीच असतो. पुढच्या प्रोजेक्टमध्ये मी मोठ्या तोऱ्यात प्रॉक्सी केल्या आणि त्याच खड्ड्यात पडलो. तेव्हा लीड टीममध्ये नव्हते हे माझं नशीब. रिसीव्हरला सेंडर देऊच नका, ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचं आहे ते आत इझ-इन्स्टन्सने तपासा.

आणखी एक. अ‍ॅब्स्ट्रॅक्टकडे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारी फील्ड) नेता येत नाही. आमच्या 'व्यवहार' मॉडेलला कोणत्याही खात्याकडे बोट दाखवायचं होतं, म्हणजे मी सुचवलेलं अ‍ॅब्स्ट्रॅक्टही तिथे चाललं नसतं. (हे त्या मीटिंगमध्ये कोणाच्याच लक्षात आलं नाही, लीडच्याही नाही.) जुनं गबाळं टेबलच बरोबर होतं. तुमच्या पॅरेंटकडे बाहेरून फॉरेन की येते का, ते प्रश्नात नाही. येत असेल तर प्रकाराचा कॉलम टाका आणि रिकामे कॉलम सोसा.