बक्षीस पुस्तकांच्या संख्येला नको

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्ताने मुले पुस्तके हातात घेतात. एरवी वर्षभर ग्रंथालयाकडे फारसे कोणी फिरकत नाही. यंदा सहामाहीत सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्याला स्नेहसंमेलनात रोख बक्षीस द्यावे, असे मुख्याध्यापकांनी सुचवले आहे. काही शिक्षकांना मात्र वाटते की, यामुळे मुलांना केवळ बक्षिसाची चटक लागेल. काय करावे?

उत्तर : शिक्षकांची शंका निराधार नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेत झालेला एक प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना ‘चित्र काढलेत तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगण्यात आले. पुढे मोकळ्या वेळेत ही मुले चित्रांसाठी इतर मुलांच्या जवळपास निम्माच वेळ देऊ लागली. ज्यांना तेच प्रमाणपत्र पूर्वकल्पना न देता मिळाले होते, त्यांची आवड मात्र टिकून राहिली. दुसऱ्या बाजूला, डॅलस शहरातील शाळांत दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे, छोटी चाचणी उत्तीर्ण झाल्यावर, दोन डॉलर देऊन पाहिले गेले आणि इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांचे वाचन-आकलन सुधारल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणजे बक्षीस सरसकट वाईट नाही. ते कशासाठी दिले जाते आणि त्यात नेमके काय मिळते, हे पाहावे लागते. तिसरीच्या मुलांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात, बक्षीस म्हणून पुस्तकच मिळालेल्या मुलांची वाचनाची ओढ कमी झाली नाही. शोभेच्या किरकोळ वस्तू मिळालेल्या मुलांची झाली. म्हणून रोख रकमेऐवजी मुलाने स्वतः निवडलेले पुस्तक, त्यावर त्याचे नाव घालून, द्यावे असे मी आग्रहाने सुचवेन.

मला अधिक काळजी वाटते ती ‘सर्वाधिक’ या शब्दाची. प्रत्येक वर्गात आधीपासून वाचणारी दोन-तीन मुले असतात. तीच जिंकतात आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप करायचा, ती मुले पहिल्याच पंधरवड्यात माघार घेतात. शिवाय संख्या मोजली की सर्वांत पातळ पुस्तके शोधली जातात आणि मलपृष्ठावरचा मजकूर अभिप्राय म्हणून उतरवला जातो. त्याऐवजी कोणालाही पूर्ण करता येईल असे आव्हान ठेवावे. प्रत्येकाला एक कार्ड द्यावे आणि त्यावर निरनिराळी कामे लिहावीत : मराठी विश्वकोशातून आपल्या तालुक्याशी किंवा नदीशी संबंधित नोंद शोधणे, आजवर कधीच न उघडलेल्या कपाटातील एक पुस्तक घरी नेणे, धाकट्या भावंडाला एक गोष्ट वाचून दाखवणे, परिपाठात आवडलेला उतारा वाचणे. आपल्याकडे ड्युई दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याची पद्धत, असेल तर 796 या क्रमांकाखालचे खेळांचे किंवा 590 खालचे प्राण्यांचे पुस्तक मुलांनी स्वतः मांडणीवरून शोधून आणावे. त्या शोधात मुलांना ग्रंथालयाची रचना कळते आणि पुढच्या वेळी ती कोणाला न विचारता आत शिरतात. ठरावीक कामे पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला दिवाळीच्या सुट्टीत एकाऐवजी तीन पुस्तके नेण्याची मुभा द्यावी आणि पुढच्या खरेदीची यादी करताना त्याचे मत विचारात घ्यावे. असे बक्षीस मुलांना पुन्हा ग्रंथालयातच आणते.

पुस्तक वाचले की नाही, हे तपासण्यासाठी परीक्षा घेऊ नये. परत करताना दोन मिनिटांच्या गप्पा पुरतात. ‘आवडले नाही, अर्धे सोडले’ हे उत्तरही ग्राह्य धरावे. हा उपक्रम महिना-दीड महिन्यात संपवावा.

मात्र कपाटांना कुलूप असेल तर यांतले काहीही उपयोगी पडणार नाही. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्याकडून होईल या भीतीने अनेक ग्रंथपाल पुस्तके बंद ठेवतात, आणि ती भीती मी समजू शकतो. पण ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र ‘पुस्तके उपयोगासाठी आहेत’ असे आहे. वापराने फाटलेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाची, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर कमी करण्याची, पद्धत मुख्याध्यापकांकडून आधी लेखी ठरवून घ्या, मगच कार्डे छापा.

प्रश्न : आमचा मुलगा पाचवीत आहे. शाळेच्या अशाच उपक्रमात तो फक्त चित्रकथा आणतो. त्या मोजल्या जाव्यात का?

उत्तर : अवश्य मोजल्या जाव्यात. त्या घरी तुमच्यासमोर वाचू द्या आणि त्यातला कोणता प्रसंग आवडला ते विचारा. त्याला ज्या विषयाच्या चित्रकथा आवडतात, त्याच विषयाचे थोडे अधिक मजकुराचे पुस्तक ग्रंथपालांना सुचवायला सांगा. ते त्याने नाकारले तरी चित्रकथा बंद करू नका.