झिजलेली जागा आधी मोज

प्रिय पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं. मार्गदर्शक म्हणतात, गिरणी हा पुरातत्त्वाचा विषयच नव्हे. लेणी घे, नाणी घे, पुढे अडचण येणार नाही. त्याच आठवड्यात एका सल्लागार कंपनीची नोकरी चालून आली आहे. टॉवरच्या तळमजल्यावर गिरणीचं दालन उभं करायचं, पगार चांगला. आणि शेवटी तू लिहितेस, ‘मॅडम, मिल पडली, साचे-यंत्रं भंगारात गेली, चिमणी तेवढी राहिली. मग मी बघू काय?’

नोकरीचं आणि मार्गदर्शकांचं नंतर. आधी हा प्रश्न. झिजलेली जागा बघ. तू श्रमाचं पुरातत्त्व करायला निघालीस ना? मग काम जिथे घासलं गेलं ती जागा आधी शोध आणि आधी मोज. फोटो नंतर, नकाशा नंतर, मुलाखतसुद्धा नंतर.

चिमणीचं तुम्हा सगळ्यांना इतकं काय असतं? ती उभी राहते बॉयलरच्या सोयीसाठी. जन्मभर गिरणीत राबलेल्या माणसाचा हात तिला एकदाही लागलेला नसतो. लागला असेल तर तो बांधणाऱ्या गवंड्याचा. मुंबईतल्या फिनिक्स मिलची चिमणी आज मॉलमध्ये उभी आहे. लोक तिच्याखाली फोटो काढतात. रिंग खात्यातली, म्हणजे सूत कातायच्या विभागातली, एक पाळी कशी जायची, यातलं अक्षरही ती सांगत नाही.

मी हे कसं शिकले ते सांगते, जरी सांगताना बरं वाटत नाही. १९८२ च्या संपानंतर वीसेक वर्षांनी एक बंद गिरणी पाडण्याआधी तिची नोंद करून ठेवायचं काम आमच्याकडे आलं. अकरा दिवस मिळाले. मी बिडाचे खांब मोजले. करवतीच्या दात्यांसारख्या छपराचा छेद काढला, उत्तरेकडचा उजेड घेणाऱ्या काचा मोजल्या, लँकेशायरच्या कारखानदारांची ओतीव नावं उतरवून घेतली. ते नकाशे पाहून लोक अजूनही वाहवा करतात. वरच्या मजल्यावर रिंग खातं होतं. साचे आधीच गेलेले. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर बोल्टांची भोकं ओळीनं राहिली होती. दोन ओळींच्या मधे हातभर रुंदीचा एक पट्टा होता, तेल पिऊन काळा पडलेला, बशीसारखा खोल गेलेला. टोकाला, माणूस वळायचा तिथे, आणखी खोल. सुताची तुटलेली तार सांधत अनवाणी येरझारा घालणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तो कोरला होता. टेप धरणाऱ्या मुलानं विचारलं, ‘मॅडम, हे पण घ्यायचं?’ मी म्हणाले, ‘नको रे, वेळ नाही. चिमणीची उंची राहिलीय.’

चिमणीची उंची माझ्या वहीत आहे. पट्ट्याची खोली कुठेच नाही, आणि आता कधीच मिळणार नाही.

त्या वर्षांत आम्ही सगळे जमिनीवर बोलत होतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात गिरणीच्या जागेचे तीन वाटे होते: मोकळी जागा, घरं आणि मालक. २००१ मध्ये तो हिशेब आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरता आखडला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तोच बदल टिकला. मोर्चे निघाले, लेख आले, मीही लिहिलं. ते लिहायलाच हवं होतं. पण एकरांचा हिशेब मांडता मांडता पायाखालची फळी कुणी मोजली नाही.

काय कळलं असतं म्हणतेस? १९२८-२९ चे संप ज्या कारणांनी पेटले त्यात एक मोठं कारण कामाच्या वाढीव बोजाचं होतं. रिंग खात्यात साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा, साळखात्यात, म्हणजे विणकामात, दोन मागांऐवजी तीन. कागदावर ही गोष्ट एका ओळीत संपते. फळीवर ती संपत नाही. माणूस कुठे वळत होता, कुठे क्षणभर टेकत होता, कुठल्या खांबाला हात लावून तोल सावरत होता, ते लाकूड धरून ठेवतं. युनियनच्या पत्रकात मागणी असते आणि मालकांच्या वहीत उत्पादन असतं. शरीर असतं फक्त झिजलेल्या जागेत. म्हणून म्हणते, झिजलेली जागा आधी मोज.

तू म्हणशील, मॅडम, आता फळ्या कुठून आणू? अगं, गिरणी म्हणजे फक्त गेटच्या आतली का? इतकी वर्षं शिकून हाच प्रश्न विचारतेस याचा मला राग येतो.

माझ्या आईची लालबागला खाणावळ होती. दहा बाय बाराची खोली, चौदा जेवणारे, तीन पाळ्या. पहिल्या पाळीचे निघाले की रातपाळीचे यायचे. त्यांच्या पानात पडणारं वाटण ज्या पाट्यावर वाटलं गेलं तो पाटा आज माझ्या बाल्कनीत आहे. हात फिरवला तर मधोमध दोन बोटं खोल आहे, पण खड्डा सरळ नाही, डावीकडे कललेला आहे. कितीतरी वर्षं मला वाटायचं दगडच तसा असेल. मग एक दिवस फूटपट्टी घेऊन बसले, दर दोन सेंटिमीटरवर खोली मोजली, कागदावर रेघ काढली, आणि लालबागची ती खोली आठवली. आईच्या उजव्या हाताला गावकऱ्यांच्या ट्रंका एकावर एक रचलेल्या असायच्या. कोपर बाहेर काढायला जागाच नव्हती. ती अंग चोरून, तिरकी बसून वाटायची. म्हातारपणी तिचा खांदा वर जात नव्हता आणि डॉक्टर म्हणायचे, वय झालं. वय नव्हे गं, ट्रंका. आणि झीज एवढीच नाही. टाकीवाली दारावर यायची, पाट्याला टाकी लावून जायची, म्हणजे दर खेपेला दगड थोडा पातळ व्हायचा. त्या पाट्याची जाडी म्हणजे आईच्या कामाचा हिशेब आहे. हजेरीपटावर तिचं नाव कधी नव्हतं.

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्या बायकांची संघटना बांधली, अन्नपूर्णा महिला मंडळ. त्याआधी आणि त्यानंतरही गिरणगावाच्या इतिहासात या बायका ‘कामगारांच्या जेवणाची सोय’ या तीन शब्दांत आटोपल्या जातात. तुझ्या प्रबंधात तसं झालं तर मला वाचायला पाठवू नकोस.

आणखी एक वस्तू सांगते, तिच्याशिवाय तुझा विषय लंगडा राहील. धोटा, मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा. जुन्या प्रकारच्या धोट्यात कांडी बसवली की सुताचं टोक बारीक भोकातून बाहेर काढावं लागे, आणि विणकर भोकाला तोंड लावून ते ओढून घेत. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. याच कारणावरून दलितांना साळखात्यात घेत नसत, आणि साळखात्यात मजुरी चांगली होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. तेव्हा उद्या कुणी तुला पितळी टोकांचा चकचकीत धोटा दाखवील, शोकेसला शोभेल असा, तेव्हा तो उलटा कर आणि ते भोक बघ. त्याच्या कडा पाहा. इथे कोणाचे ओठ लागले आणि कोणाचे लागू दिले नाहीत, हे त्याखालच्या पाटीवर आलंच पाहिजे. पाटीवर नुसतं ‘धोटा, लाकूड’ लिहिलेलं मला चालणार नाही.

आता मार्गदर्शकांचं. शंभर वर्षांची अट ते सांगतात ती कायद्यात आहे, खरं. १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारकाला शंभर वर्षं लागतात, १९७२ च्या कायद्यात पुराण वस्तूला. मग मोजू या. ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. त्यांची शंभरी भरत आली आणि पाडायला सुरुवात झाली. म्हणजे वय कमी म्हणून हात लावायचा नाही, आणि वय भरलं की इमारत जागेवर नाही. आणि जमीन उकरल्याशिवाय पुरातत्त्व होत नाही असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या लोवेलला बूट (Boott) नावाच्या कापड गिरणीच्या कामगारांच्या खानावळीवजा घरांची परसं १९८० च्या दशकात उकरली गेली आहेत. मेरी बॉड्री आणि स्टीफन म्रोझोव्स्की यांचं काम आहे ते. कंपनीची दारूवर बंदी होती आणि परसात बाटल्या निघाल्या. कंपनीच्या नियमावलीतून हे कधी कळलं नसतं. हे काम मार्गदर्शकांच्या टेबलावर ठेव, वाद घालत बसू नकोस.

नोकरीचं उत्तर सोपं नाही, कारण त्यात माझंच काहीतरी अडकलं आहे. त्या गिरणीनंतर काही वर्षांनी मला दुसऱ्या एका गिरणीच्या अहवालावर सही करायला सांगितलं होतं. चिमणी वगळता आवारात जतन करण्याजोगं काही नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. मी सही केली नाही. त्यानंतर मोठी कामं यायची थांबली. जवळची माणसं म्हणाली, आत राहून चार गोष्टी वाचवल्या असत्यास. मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते, त्या वाक्याखाली माझं नाव येऊ शकत नव्हतं. ज्या बाईनं फळी मोजली नाही तिनंच ‘काही नाही’ असं लिहून द्यायचं? एकदा चुकले होते, दुसऱ्यांदा चुकायची नव्हते. पण हेही लिहिते, कारण तुझ्याशी खोटं बोलायचं नाही: सही नाकारून मी बाहेर आले आणि त्या आवारात पुन्हा पाऊल टाकता आलं नाही. टेप घेऊन आत शिरायची शेवटची संधी होती ती. कधीकधी रात्री वाटतं, आधी आठवडाभर गुपचूप मोजून घ्यायला हवं होतं, मग सही नाकारायची. पण तेव्हा मी ताठ होते, आणि ताठ राहिल्याचा पश्चात्ताप मला होत नाही.

म्हणून नोकरी घे किंवा नको घेऊस, ते तुझ्या घरचं बघून ठरव. घरी पैसे लागतात हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळतं. घेतलीस तर पहिल्या आठवड्यात आवारातली प्रत्येक झिजलेली जागा मोजून स्वतःच्या वहीत उतरव. टाइम ऑफिसच्या खिडकीचा दगड, जिन्याच्या पायऱ्या, नळाखालची लादी, मोरीचा उंबरा. पातळ कागद आणि कोळसा घे, ठसे काढ. वही तुझी राहू दे.

आणि मुलाखती. म्हातारे तुला १८ जानेवारी १९८२ पासून सुरुवात करून देतील. अडीच लाख माणसांचा संप होता, त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे झाले, ते सांगणारच. ऐकून घे, घाई करू नकोस. पण नंतर त्यांच्या हातात सूत दे. तुटलेलं टोक दे आणि म्हण, काका, सांधून दाखवा. जो माणूस दोन वाक्यं धड बोलत नाही त्याची बोटं बघ काय करतात. चेहरा नको, बोटांचंच चित्रण कर. रिंग खात्यातल्या एका आजोबांनी माझ्यासमोर डोळे मिटून सूत सांधलं होतं, आणि त्यांच्या अंगठ्याच्या कडेला घट्ट्याची एक रेघ होती, गिरणी बंद होऊन पंचवीस वर्षं झाली तरी. ती मात्र मी मोजली.

तू सहज लिहून गेलीस की आजोबांची पत्र्याची पेटी माळ्यावर आहे, आत काहीच नाही, म्हणून आई भंगारवाल्याला देणार आहे. आईला आजच फोन कर. पेटीच्या झाकणावर ते डोकं टेकून झोपत असतील, किंवा बसून जेवत असतील; कडीभोवती आणि झाकणाच्या मधोमध रंग कुठे उडालाय ते बघ. तळाला गंजाचा आकार असेल, गावच्या खोलीत ती कुठल्या दोन विटांवर ठेवलेली असायची त्याचा. फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढ आणि मला पाठव. तोवर पेटी पुसू नकोस.

तुझी,
मॅडम