आठवण येते म्हणजे मी कच्चा फौजी का?

‘घरची इतकी आठवण येते, मी फौजेसाठी कच्चा तर नाही?’ मी समुपदेशक आहे, आणि 2025 च्या मे महिन्यापासून हा प्रश्न मला सारखा ऐकू येतोय. 7 मेला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, सुट्टीवर आलेले जवान तडकाफडकी परत बोलावले गेले आणि ठाणे-नवी मुंबईतल्या सातारकर, सांगलीकर घरांमध्ये काळजी येऊन बसली. त्यांतल्या एका जोडप्याबद्दल लिहिते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

तो पंचविशीचा, लग्न नवं. वडील वाशी मार्केटला माथाडी, घर घणसोलीत, बायको ऐरोलीच्या एका कंपनीत रात्रपाळीला. पलटण उंचीवर जायची होती, त्याआधीचं ट्रेनिंग चाललं होतं. पहाटे पाठीवर पूर्ण सामान घेऊन पळायचं, मग फायरिंग. एरवी ज्याच्या गोळ्या टार्गेटवर एका मुठीत मावायच्या, त्याचं ग्रुपिंग फाटायला लागलं होतं. रविवारी फोन हातात आला की तो मला लावायचा. बायको ठाण्याला माझ्यासमोर येऊन बसायची.

‘मॅडम, पोझिशन घेतली की ही डोळ्यांसमोर येते. झटकतो. परत येते.’

‘झटकायला किती ताकद लागते?’

‘सगळी.’

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली. माझ्या मते माणसाला भावना जेवढी छळत नाही, तेवढा त्या भावनेवर त्याने स्वतःच सोडलेला हुकूम छळतो. इथला हुकूम होता, ‘फौजीला बायकोची आठवण येता कामा नये.’ आणि मन असले हुकूम पाळत नाही. डॅनिअल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. ते अस्वल त्यांच्या डोक्यात येतच राहिलं. पण हे सगळं त्याला ऐकवून उपयोग नव्हता. तो ‘जी मॅडम’ म्हणून मोकळा झाला असता. म्हणून मी त्याच्या कामाबद्दल विचारलं.

‘गोळी मारताना श्वासाचं काय करता?’

त्याला हसू आलं. ‘घ्यायचा, थोडा सोडायचा, थांबायचं, ट्रिगर दाबायचा.’

‘थांबणं लांबलं तर?’

‘नळी थरथरते. उस्ताद ओरडतात, सोड, श्वास घे, पुन्हा शिस्त घे, म्हणजे नेम धर.’

‘आणि आठवण आली की?’

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने जीभ आवरली पाहिजे, आणि तेच सर्वांत अवघड असतं.

‘दाबून धरतो,’ तो म्हणाला. आणि मग जरा थांबून, ‘म्हणजे नळी हिच्यामुळे हलत नाही. माझ्या दाबून धरण्यामुळे हलते.’

पुढचं काम सोपं होतं. आठवणीला रोज वीस मिनिटं द्यायची. वेळ रोल कॉलनंतरची, म्हणजे रात्रीची हजेरी झाल्यावरची, जागा बाहेरची. पलंगावर बसून हे करायचं नाही, नाहीतर अंथरुणाला पाठ लागली की आठवण हे समीकरण बसतं आणि झोप जाते. नुसता फोटो बघत बसायचं नाही, वहीत लिहायचं, एक-दोन पानं. दिवसा आठवण आलीच तर मनात एवढंच म्हणायचं, ‘आलीस, रात्री बोलू,’ आणि लक्ष हातातल्या कामावर आणायचं. पहिल्या आठवड्यात आठवण वाढल्यासारखी वाटते. बरेच जण नेमके तिथेच सोडून देतात. दमलो म्हणून दोन दिवस वही उघडली नाही की तिसऱ्या दिवशी फायरिंग रेंजवर थकबाकी वसूल होते.

उंचीवर जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. 9 ते 12 हजार फुटांवर शरीर रुळवायला सहा दिवस देतात, त्यातले पहिले दोन पूर्ण विश्रांतीचे. मग 15 हजारांपर्यंत चार दिवस, त्याच्या वर आणखी चार. हातापायांना काम नसतं ते दिवस मनाला जड जातात. त्यात विरळ हवेने झोप तुटतेच. रात्री दोनला जाग आली तर तो विरहच असेल असं नाही, ऑक्सिजन कमी असल्यानेही ती येते. पण डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर ते लपवू नये, आरएमओंना, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांना सांगावं.

तिचं वेगळं होतं. रात्रपाळीहून आल्यावर ती सकाळभर बातम्या बघायची. मे महिन्यातल्या एका रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याचं छातीठोक सांगितलं, ते खोटं निघालं. तरी टीव्ही सुटत नव्हता. ‘ह्यांचा फोन नाही आला की मला वाटतं झालं काहीतरी.’ बातम्या दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटं, एवढं ठरलं. फोनचाही करार झाला: तीन दिवस फोन आला नाही तर त्याचा अर्थ ‘तीन दिवस फोन आला नाही’ इतकाच. ‘उद्या नऊला नक्की करतो’ असं त्याने म्हणायचं नाही. ‘कुठे आहात, कुठे निघालात’ असं तिने विचारायचं नाही. सासू-सुनेची कुरबूर फोनवर नको, कारण दहा मिनिटांत ती मिटत नाही आणि तो ती घेऊन पहाऱ्यावर जातो.

कुरबुरीसकट बाकी सगळं पत्रात. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, युनिटचा पिन कोड आणि 56 एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस; पूर्वेकडच्या पलटणींना 99 एपीओ), एवढा पत्ता पुरतो. तो आहे त्या गावाचं नाव टाकायचंच नाही. पत्रं मागेपुढे पोचतात, म्हणून लिफाफ्याच्या कोपऱ्यात आकडा घालावा, नाहीतर भांडण मिटल्याचं पत्र आधी येतं आणि भांडणाचं नंतर. मजकूर साधा ठेवावा: गळका नळ, ट्रान्स हार्बर लोकलची गर्दी, कोणाचं लग्न ठरलं. ‘तुमच्याशिवाय करमत नाही’ हे एकदा लिहावं, पानभर नको.

आणि हे सगळं नेहमीच्या आठवणीसाठी. दोन आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, दारू वाढली, किंवा ‘जगून काय’ असं मनात येऊ लागलं, तर वही-पत्रावर थांबू नये. ‘जगून काय’ मनात आलं तर दोन आठवडेही थांबू नये. जोडीच्या बडीला, सुभेदार साहेबांना, आरएमओंना त्याच दिवशी सांगावं. घरी असलेल्यांनी 14416 लावावा. टेली-मानसची ही सेवा मोफत आहे, रात्रीही चालते आणि मराठीतही बोलता येतं.