‘बॉर्डर’मधलं हंटर विमान घरी बनवायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

निपाणीहून तुम्ही विचारलंय, की ‘बॉर्डर’ बघून आठवीतल्या मुलाला त्यातलं लढाऊ विमान बनवायचंय. किट, म्हणजे जोडायच्या सुट्या प्लास्टिक भागांचा संच, मागवता येईल, पण जोडल्यावर ते खेळण्यासारखं न दिसता खऱ्यासारखं दिसावं म्हणून काय करायचं, आणि एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं यंत्र, घ्यावाच लागतो का? मी बेळगावात उद्यमबागेत पॅटर्न शॉपमध्ये काम करतो. दिवसभर फौंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठीचे नमुने, बनवायचे आणि रात्री विमानं, असं बरीच वर्षं चाललंय. त्यामुळे या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो.

ते विमान हॉकर हंटर. ब्रिटिश बनावटीचं, एका इंजिनाचं, २० जुलै १९५१ ला पहिल्यांदा उडालेलं. भारतानं १९५७ मध्ये १६० हंटरची मागणी नोंदवली. चित्रपट १९९७ चा असला तरी गोष्ट आहे ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीची आणि त्यानंतरच्या सकाळची. लोंगेवालाच्या ठाण्यावर २३ पंजाबची एक तुकडी, समोर पाकिस्तानचे रणगाडे, आणि जैसलमेरला मोजकी हंटर. या विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता. म्हणून मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या जवानांनी रात्रभर ठाणं धरून ठेवलं आणि फटफटलं तशी विमानं उडाली. पडद्यावर जॅकी श्रॉफ दिसतो, पण त्या वेळी जैसलमेरच्या तळाची सूत्रं प्रत्यक्षात विंग कमांडर एम. एस. बावा यांच्याकडे होती. मुलाला हे आधी सांगा. त्याशिवाय पुढचं काम नुसती चिकटवाचिकटवी होईल.

आता माझं मुख्य म्हणणं. किट उघडायच्या आधी एक गोष्ट ठरवा: तुमचं विमान त्या सकाळी कुठल्या क्षणी उभं आहे? उड्डाणाआधी जैसलमेरला, की एक फेरी मारून परत आल्यावर? बारकावे सगळे यावरून ठरतात. उड्डाणाआधीचं असेल तर पंखांखाली रॉकेटं भरलेली हवीत आणि नाकाखालचा भाग स्वच्छ हवा. परत आलेलं असेल तर रॉकेटांच्या जागा रिकाम्या आणि तोफांच्या तोंडांमागे काळी काजळी हवी. बरेच जण दोन्ही करतात. रॉकेटंही पूर्ण आणि काजळीही भरपूर. मॉडेल कितीही सफाईदार असलं तरी जाणकाराला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे बनवणाऱ्याला कळत नाही.

माझ्या मते परत आलेलं विमान करा. हंटरच्या नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा असतात. त्या चालल्या की काजळी तोंडापासून मागच्या दिशेला ओढली जाते, हवेच्या प्रवाहाबरोबर, लांबट. ती गोल डागासारखी कधीच नसते. त्याच भागात खाली दोन फुगवटे दिसतील. मुलगा नक्की विचारेल हे काय म्हणून. गोळ्यांच्या पट्ट्याच्या ज्या कड्या सुटतात त्या तशाच बाहेर पडल्या तर विमानाच्या पोटावर आपटतात, म्हणून त्या या फुगवट्यांत गोळा करायच्या. रिकामी काडतुसं मात्र खाली पडून जातात. एकदा हे कळलं की काजळी कुठे लावायची आणि कुठे नाही हे मुलगाच तुम्हाला सांगेल.

माप कुठलं घ्यावं? खरं हंटर साधारण १४ मीटर लांब आणि पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत सव्वादहा मीटर. १:७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं केलं तर, ते १९ सेंटिमीटरच्या थोडं वर येतं, १:४८ मध्ये २९ च्या आसपास. आठवीतल्या मुलासाठी मी १:७२ म्हणेन. रेव्हेलचं किट या मापात आहे. १:४८ मध्ये अ‍ॅकॅडमीचं आणि एअरफिक्सचं आहे. डब्यावर एफ-६ किंवा एफजीए-९ असं लिहिलेलं असेल, हे हंटरचे प्रकार. भारताच्या पहिल्या खेपेची एफ-५६ विमानं एफ-६ वर बेतलेली होती, आणि नंतरची एफ-५६ए ही एफजीए-९ च्या जवळची. म्हणजे दोन्हींतून भारतीय विमान निघतं. मात्र भारतीय डेकल, म्हणजे विमानावर चिकटवायच्या छापील खुणा, डब्यात आहेत का हे मागवायच्या आधी बघा, नसतील तर वेगळे मागवा. विमानावर आपल्या वायुसेनेची जी गोल खूण असते तिच्यात केशरी बाहेर आणि हिरवा आत असतो. अंदाजानं रंगवायला गेलं की हटकून उलटं होतं.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही, किटमधला कागद पुरेसा असतो. फक्त तीन गोष्टी. प्रत्येक भागावर साच्याची पार्टिंग लाइन असते, बारीक उंचवट्यासारखी. आमच्या धंद्यात ती ओतकामावर दिसते आणि घासून काढली जाते, इथेही तेच करा, विशेषतः चाकांच्या दांड्यांवर. दुसरं, नाकात वजन भरा. हंटर पुढच्या चाकावर उभं राहतं आणि वजन नसेल तर शेपटीवर बसतं. मासे पकडायच्या शिशाच्या गोळ्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. त्या कॉकपिटच्या मागे-पुढे बसवा, आणि धड बंद करण्याआधीच, कारण नंतर जागा उरत नाही. शिशाला हात लावल्यावर मुलाला साबणानं हात धुवायला लावा. तिसरं, कॉकपिटच्या काचेला फेवीक्विकसारखा गोंद लावू नका. त्याच्या वाफेनं पारदर्शक प्लास्टिक धुरकट होतं. पांढरा फेविकॉल पुरतो.

फटी मात्र मनापासून भरा. विमानाच्या पाठीवरचा जोड आणि पंखांच्या मुळाशी हवा घेणारी त्रिकोणी तोंडं, या दोन जागा हंटरला खऱ्यासारखं करतात किंवा बिघडवतात. हिशेब करून बघा: १:७२ मध्ये एक मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरहून मोठी भेग. एवढी भेग असलेलं विमान कोण उडवेल? गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडची बारीक लांबी (पुट्टी) चालते, पातळ थरात. ती वाळली की ६०० नंबरचा वॉटर पेपर, मग १०००, पाण्यात भिजवून. प्रायमरचा एक हात मारला की राहिलेली फट लगेच दिसते. दिसली तर पुन्हा भरा. कंटाळा इथेच येतो आणि मॉडेलचा निकालही इथेच लागतो.

आता एअरब्रश. हंटरसाठी तो लागतोच असं नाही. वरच्या बाजूला गडद हिरवा आणि गडद राखाडी, खाली चंदेरी, असा हा ब्रिटिश पद्धतीचा रंग आणि दोन रंगांमधली सीमा बऱ्यापैकी ठळक. फवारलेली मऊ कडा दोन मिलिमीटर रुंद झाली तरी खऱ्या विमानावर ती चौदा सेंटिमीटर होते, म्हणजे हंटरवर शोभणार नाही इतकी धूसर. म्हणून पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग आणि चांगला चपटा ब्रश घ्या, दोन-तीन पातळ हात द्या, एक हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. रंग पातळ करायचा दुकानातला एनसी थिनर प्लास्टिकजवळ आणू नका, तो प्लास्टिक खातो. पुढे आवड वाढली आणि एअरब्रश घ्यावासा वाटला, तर गणपतीच्या मूर्ती रंगवणाऱ्या एखाद्या कारागिराकडे एक संध्याकाळ बसा. दाब किती ठेवायचा, हात किती लांब धरायचा, हे तिथे बघून जेवढं कळेल तेवढं व्हिडिओतून कळत नाही.

आपल्याकडच्या पावसाचंही सांगायला हवं. बेळगाव-खानापूरकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. अशा हवेत लॅकर किंवा स्प्रे कॅन मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढरट झाक येते. पावसाळ्यात जोडणी आणि घासकाम करा, वार्निश दिवाळीनंतर. डेकल लावण्याआधी मात्र चकचकीत वार्निश हवंच. मॅट रंग खरखरीत असतो, त्यावर लावलेल्या डेकलखाली हवा अडकते आणि कडेनं चंदेरी चमक दिसते. डेकल बसले, वाळले, की शेवटी मॅट वार्निश.

धूळ लावायची असेल तर बेताची, आणि आपल्या तांबड्या मातीच्या रंगाची तर अजिबात नको. जैसलमेरची वाळू फिकट पिवळी. विमान धावपट्टीवरून उडतं, त्यामुळे ती चाकांच्या आसपास आणि पोटाखाली हलकीशी दिसेल, पंखांवर थर साचलेला नसेल.

चित्रपटातली दृश्यं बारकाव्यांसाठी पुरत नाहीत, ती फार झरझर जातात. खरं हंटर बघायचं तर दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात किंवा जैसलमेरच्या युद्ध संग्रहालयात. ते लांब पडतं. पण गोवा आपल्याला जवळ आहे. बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक उभं आहे. तेही हॉकरचंच, आणि हंटरचे रचनाकार सिडनी कॅम यांच्याच हाताखाली घडलेलं, हंटरच्या आधीचं. मुलाला घेऊन जा. पत्र्यांचे सांधे किती बारीक दिसतात, रंग कुठे झिजतो, चाकांच्या खोबणीत नळ्या कशा जातात, हे डोळ्यांनी बघू द्या आणि फोटो काढून आणा. किटच्या चाकांच्या खोबणी बहुधा रिकाम्याच असतात. तांब्याच्या बारीक वायरीनं दोन-तीन नळ्या टाकल्या तरी तो भाग जिवंत वाटतो.

परत आलेल्या हंटरसाठी एक आणखी कल्पना आहे, पण ती दुसऱ्या मॉडेलसाठी राखून ठेवा आणि ते १:४८ चं घ्या. हंटरच्या चारही तोफा दारूगोळ्यासकट एकाच पेटीत बसवलेल्या असतात. विमान उतरलं की ती पेटी खाली उतरवायची आणि भरलेली वर चढवायची, त्यामुळे ते पुन्हा लढायला चटकन तयार होतं. नाकाखालची जागा उघडी आणि पेटी ट्रॉलीवर, असं दाखवायचं तर किटचा तो भाग कापून आतला सांगाडा प्लास्टिकच्या शीटमधून करावा लागतो. मुलगा तिथपर्यंत आला तर इथेच विचारा, मापं कशी काढायची ते सांगेन.