शिंगांत शिंगे अडकलेली चितळे

प्रश्न : आमच्या शेताला लागून असलेल्या जंगलात झुंजताना दोन चितळ नरांची शिंगे एकमेकांत अडकली होती. अशा वेळी गावकऱ्यांनीच ती सोडवावीत काय?
– एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : मोह होतो खरा, पण हात लावू नये. बिथरलेला नर मान झटकतो तेव्हा शिंगाचे टोक माणसाच्या पोटात शिरू शकते. शिवाय पाठलाग आणि गोंगाट यांच्या ताणाने स्नायूंची इतकी हानी होते की, सुटून पळालेले हरीणही पुढे काही तासांत किंवा दिवसांत दगावू शकते. गर्दी हटवावी, कुत्री बांधून ठेवावीत आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पशुवैद्यक दुरून भुलीचे इंजेक्शन देतात, डोळ्यांवर कापड बांधतात, जनावराला छातीवर बसते ठेवून श्वासावर लक्ष ठेवतात आणि मग शिंगे फिरवून मोकळी करतात किंवा एखादा फाटा करवतीने कापतात. पक्के शिंग हे निर्जीव हाड असल्याने कापताना वेदना होत नाहीत, आणि ते गळून पुन्हा उगवतेच. मखमली आवरणातले कोवळे शिंग मात्र रक्तवाहिन्यांनी भरलेले असते. जाळीत अडकलेल्या अशा नराच्या बाबतीत जाळीच कापावी लागते. कापलेला तुकडा आठवण म्हणून कोणी घरी नेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो सरकारी मालमत्ता ठरतो.