‘स्केअरक्रो’ मालिका वाचावी का? जरूर वाचा, पण क्रमानेच

तुम्ही विचारलंय की मॅथ्यू रायलीच्या ‘स्केअरक्रो’ कादंबऱ्यांत गोळीबार आणि स्फोटांपलीकडे काही आहे का, आणि वाचायच्या तर कुठून सुरुवात करायची. मी या मालिकेचा पक्का चाहता आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

रायली हा सिडनीचा लेखक. त्याची पहिली कादंबरी ‘कॉन्टेस्ट’ प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा १९९६ मध्ये त्याने पदरमोड करून तिच्या हजार प्रती छापल्या. त्यातली एक प्रत पुस्तकाच्या दुकानात पॅन मॅकमिलनच्या संपादिकेच्या नजरेला पडली आणि त्याचं नशीब पालटलं. १९९८ मध्ये ‘आइस स्टेशन’ आली. आपली मालिका इथून सुरू होते. नायक शेन स्कोफील्ड, अमेरिकेच्या मरीन कोअरमधला लेफ्टनंट. ‘स्केअरक्रो’ हे त्याचं सैन्यातलं टोपणनाव. हा मूळचा वैमानिक, पण बोस्नियात त्याचं विमान पाडलं गेलं, तो शत्रूच्या हाती सापडला आणि त्या छळात त्याच्या दोन्ही डोळ्यांवर उभे वार झाले. ते व्रण झाकायला तो कायम चंदेरी काचांचा गॉगल लावतो.

आता मुद्द्याचं. या पुस्तकांचा वेग छोट्या प्रकरणांमुळे आहे असं बरेच जण म्हणतात. छोटी प्रकरणं तर आजकाल सगळेच लिहितात. माझ्या मते खरं कारण म्हणजे जागेची स्पष्टता. रायली पुस्तकात चक्क नकाशे आणि आकृत्या देतो. ‘आइस स्टेशन’मधलं अंटार्क्टिकावरचं विल्क्स संशोधन केंद्र घ्या. बर्फात खोल उतरलेली एक प्रचंड विहीर, तिच्या कडेने पाच मजले, मजल्यांना लागून लोखंडी जाळीच्या अरुंद वाटा, आणि तळाशी थेट समुद्राला जोडलेलं पाणी. त्या पाण्यात किलर व्हेल फिरताहेत. ही रचना एकदा डोक्यात बसली की पुढे लेखकाला थांबून काही समजावत बसावं लागत नाही. कोण वरच्या मजल्यावर आहे, शिडी किती लांब आहे, एखाद्याचा तोल गेला तर तो कुठे पडणार, सगळं आपल्याला आधीच ठाऊक असतं. म्हणूनच जाळीवर नुसता पाय घसरला तरी छातीत धस्स होतं.

स्कोफील्डचं लाडकं हत्यार ‘मॅगहुक’ हेही असंच. बंदुकीसारखं धरायचं, चाप ओढला की दोरीला बांधलेला आकडा सुटतो, आणि आकड्याला जोरदार चुंबक. पण दोरीची लांबी ठरलेली आणि चुंबक धरणार ते लोखंडाला. बर्फाच्या भिंतीवर त्याचा काय उपयोग? नायकाच्या हातातल्या वस्तूची मर्यादा आधी सांगायची आणि मग नेमकं तिथेच त्याला अडकवायचं, हे रायलीला फार छान जमतं.

दुसऱ्या पुस्तकात, ‘एरिया सेव्हन’मध्ये (२००१), तो घड्याळ लावतो. युटाच्या वाळवंटातल्या हवाई दलाच्या गुप्त तळावर राष्ट्राध्यक्ष अडकलेत. त्यांच्या हृदयावर बसवलेला ट्रान्समीटर बंद पडला की देशातल्या मोठ्या विमानतळांवर दडवलेले बॉम्ब फुटणार. वर दर ९० मिनिटांनी त्यांचा हात एका यंत्रावर टेकलाच पाहिजे, आणि ते यंत्र सतत कोणीतरी पळवतंय. मला विचाराल तर पकड म्हणून मालिकेतलं सर्वात घट्ट पुस्तक हेच.

तरी नुसत्या युक्त्यांसाठी मी ही पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचली नसती. जीव अडकतो तो माणसांत. जीना न्यूमन ऊर्फ ‘मदर’ ही सहा फुटांहून उंच, तोंडाने फटकळ सार्जंट. पहिल्याच पुस्तकात किलर व्हेल तिचा एक पाय गुडघ्याखाली तोडते. दुसऱ्या पुस्तकात ती कृत्रिम पाय लावून पुन्हा तुकडीत हजर, आणि शिव्या होत्या तशाच! स्कोफील्डही आपल्या माणसाला मागे टाकून जात नाही, मग ते कितीही महागात पडो. आणि महागात पडतंच, कारण रायली कोणालाही मारू शकतो. तिसऱ्या ‘स्केअरक्रो’मध्ये (२००३) जगभरातल्या १५ जणांच्या डोक्यावर प्रत्येकी १ कोटी ८६ लाख डॉलरचं इनाम लागलंय, त्यात आपला नायकही. त्या धावपळीत एक मृत्यू येतो. कोणाचा ते सांगत नाही, पण मी तिथे पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. थरारकादंबरीने इतकं लागावं अशी अपेक्षाच नव्हती.

उणिवा आहेतच. खलनायक बरेचदा एकसुरी. तिरकी अक्षरं आणि उद्गारचिन्हं यांचा नुसता पाऊस. भौतिकशास्त्र तर दर वीस पानांनी धाब्यावर. टॉम क्लॅन्सीसारखा बारकाईचा लष्करी तपशील हवा असेल तर इथे मिळणार नाही. पण ‘आइस स्टेशन’मध्ये अमेरिकेची मित्रराष्ट्रं म्हणवणाऱ्या फ्रान्स आणि ब्रिटनचेच कमांडो मरीनवर चालून येतात, ही कल्पना मला आजही धाडसी वाटते.

क्रम असा ठेवा: ‘आइस स्टेशन’, ‘एरिया सेव्हन’, ‘स्केअरक्रो’, मग २००५ ची छोटेखानी ‘हेल आयलंड’ (ही सवडीने वाचली तरी चालेल), आणि शेवटी २०११ ची ‘स्केअरक्रो अँड द आर्मी ऑफ थीव्ह्ज’. तिसऱ्यातल्या त्या घावाचे पडसाद या शेवटच्या पुस्तकात आहेत, म्हणून मधूनच सुरुवात नको. एक खबरदारी घ्या: हेच पुस्तक अमेरिकेत ‘स्केअरक्रो रिटर्न्स’ नावाने निघालंय, ते वेगळं समजून दोन्ही विकत घेऊ नका. पाचही संपल्यावर चुकल्यासारखं वाटलं, तर रायलीच्या जॅक वेस्ट मालिकेतली ‘द फोर लेजंडरी किंगडम्स’ (२०१६) शोधा. स्कोफील्ड आणि मदर तिथे पुन्हा भेटतात.