जुन्या मारुती ८०० चा स्टिअरिंग शाफ्ट बदलताना

भावा, शाफ्ट ओढून काढायची घाई नको. आधी चाकं सरळ कर, स्टिअरिंग बांधून टाक आणि शाफ्टच्या खालच्या टोकाचा जॉइंट आणि तो ज्यावर बसतो ते पिनियन (स्टिअरिंग गिअरचा दातेरी दांडा), दोन्हींवर मिळून पेंटनं खूण कर. खडूची नको, ग्रीसमध्ये पुसते. मी एकदा जॉइंट परत बसवताना एक दात चुकवला आणि सातारा ते कराड स्टिअरिंग वाकडं धरून गेलो. बायको वाटभर हसत होती.

खरी मेख जॉइंट पिनियनवर आवळणाऱ्या बोल्टात आहे. तो घालण्याआधी भोकात टॉर्च मारून बघ, पिनियनची खाच बरोबर समोर दिसली पाहिजे. जॉइंट अर्धवट बसला असेल तर कधी बोल्ट अडतो (ठोकू नकोस!), तर कधी आरामात जातो, घट्टही लागतो आणि पुढं एखाद्या वळणावर जॉइंट निसटतो. बोल्ट नवाच घे, टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) आवळ. मग जागेवरच स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघ. यवतेश्वरचा घाट त्यानंतर.